आंबोणाचं घमेलं

माझं वजन बासष्ट किलो आहे आणि गेली दोन वर्षं ते बासष्टच्या आसपासच आहे. कंपनीतल्या मुली विचारतात, कुठला डाएट केलास, कुणाचे व्हिडिओ बघतेस. मी सांगते, डाएट नाही केला, दुसऱ्यांच्या ताटातलं खाणं सोडलं. त्या हसतात. त्यांना वाटतं मी कुणाच्या तरी डब्यात हात घालत होते. खरं सांगायला बसले तर जेवणाची सुट्टी पुरायची नाही, आणि सांगून झाल्यावर त्या माझ्याशेजारी बसतील की नाही याचीही मला खात्री नाही. म्हणून लिहून काढते आहे.

मी सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावातली. वडील बाजार समितीत हमाल, आई रोजानं शेतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ज्वारीची काढणी झाली की आई मला सरवा वेचायला न्यायची. रानात मागे पडून राहिलेली कणसं वेचायची, म्हणजे सरवा. मातीतून कणीस उचललं की ती ते पदराला पुसायची आणि म्हणायची, टाकणारा टाकतो, आपण टाकायचं नाही. पुढे जिल्ह्याच्या वसतिगृहात तीन वर्षं फुकट जेवले. तिथल्या वाढणाऱ्या बाई उठताना प्रत्येकीचं ताट बघायच्या. ताटात शीत दिसलं तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीला शेवटी वाढायच्या. मला त्यांनी कधी शेवटी वाढलं नाही. बी.एस्सी. झाले, पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या विभागात लागले. ज्यांनी शिकवलं, ज्यांनी जेवू घातलं, त्यांचे उपकार आपण ताट स्वच्छ ठेवून फेडतो आहोत, असं मला मनापासून वाटायचं.

नवरा पिरंगुटजवळच्या रिहे गावचा. त्याचा पाण्याचा टँकर आहे, सूसच्या सोसायट्यांना पाणी टाकतो. शेतकऱ्याच्या पोरांना आता मुली मिळत नाहीत, म्हणून हमालाची मुलगी त्या घरात चालली. तीही शिकलेली आणि पगाराची होती म्हणून. हे कुणी माझ्यापासून लपवून ठेवलं नाही. बघायला आले तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "घर गरीब हाय, पर पोरगी कामाची दिसतीया." मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आपल्याला घेताहेत हेच मोठं वाटलं होतं. लग्नात मी चोपन्न किलोची होते.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या तेव्हा काडीसारख्या होत्या. मिसरी लावलेले दात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि बोलणं असं की समोरच्याला लागल्याशिवाय वाक्य संपायचंच नाही. घरात त्यांचं चालायचं. मामा दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या फार्महाऊसकडे बघायचे. ती जमीन आमची होती. पुण्याच्या एका माणसाला विकली, त्यानं तिथं हिरवळ लावली आणि कुंपणाला विजेची तार ओढली. चरायला जागा उरली नाही म्हणून माझ्या लग्नाच्याच वर्षी पाच म्हशी विकल्या. भातलावणीला येणारे गडी-बायका जेवायला असायचे, तेही गेले. उरली इंद्रायणी तांदळाची दोन खाचरं आणि आम्ही घरची माणसं.

पण भाताचं माप बदललं नाही. आत्यांच्या सासूबाईंच्या वेळचा एक पितळी शेर होता. तो शिगोशिग भरून तांदूळ धुतल्याशिवाय आपण स्वयंपाक केला असं त्यांना वाटायचंच नाही. दहा-बारा माणसांचा भात रोज शिजायचा आणि जेवायला आम्ही चौघं, पुढे माझी मुलगी झाल्यावर पाच. पूर्वी जे उरायचं ते पेंड आणि भुशाबरोबर कालवून म्हशींच्या पुढ्यात जायचं. त्याला आंबोण म्हणतात. आंबोणाचं मोठं लोखंडी घमेलं गोठ्याच्या दाराशी अजून पडलेलं होतं. गोठा रिकामा, घमेलं रिकामं, आणि पातेल्यात भात.

त्या घरात एक रीत होती. बायको नवऱ्याच्या ताटात जेवायची. मामा उठताना ताटाच्या कडेला दूधभाताची एक मूठ ठेवून उठायचे. चाळीस वर्षं ठेवत होते. आत्या त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायच्या आणि ती मूठ पहिल्यांदा खायच्या. मामांना आत्यांशी दोन शब्द प्रेमानं बोलताना मी कधी ऐकलं नाही, पण ती मूठ कधी चुकली नाही.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नवरा अर्धी भाकरी आणि बराचसा भात तसाच टाकून उठला. आत्यांनी ते ताट पायानं माझ्याकडे सरकवलं.

"घे. नवऱ्याच्या ताटातलं हाय, परक्याचं न्हाई."

मी खाल्लं. आनंदानं खाल्लं. आपल्याला घरात घेतलं असं वाटलं. मग मामांच्या ताटातलंही माझ्याकडे यायला लागलं. "माजं वय झालं आता," आत्या म्हणाल्या, "मी लई वर्सं खाल्लं. आता तुजी पाळी." मुलगी झाली, ती खायला लागली, तेव्हा तिचा वरणभात आला. तिचं पोट भरलं की आत्या म्हणायच्या, "ठेव गं बाय, तुजी आय खाईल." आणि शेवटी पातेल्याच्या तळाचा भात. आत्या स्वतः उभ्याउभ्या अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी खायच्या आणि पदराला हात पुसायच्या. "मला काय लागतंय," असं म्हणायच्या, आणि त्यात अभिमान असायचा.

सात वर्षांत मी एक्याऐंशी किलोंची झाले.

लोक जाड बाईशी कसं बोलतात हे मला तेव्हा कळलं. सहा आसनी रिक्षावाला मला बघून म्हणायचा, "ताई, मदी बसा, गाडी कलती." नवऱ्याचे मित्र ओट्यावर बसून त्याला विचारायचे, "तुज्याकडं दोन टँकर झाले व्हय रं? एकाचं पासिंग केलंस का?" नवरा हसायचा. चहा घेऊन मीच बाहेर जायची, कप ठेवायची, आणि हसायची. न हसले असते तर म्हणाले असते, हिला विनोद कळत नाही.

पण सगळ्यात लागलं ते शेजारच्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वीस-बावीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मला खाली बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. कुणीतरी आत्यांना विचारलं, "म्हशी इकून लई वर्सं झाली न्हवं? गोठा ओस वाटत आसंल."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. तिळगूळ तोंडात टाकला, चावला, आणि मग सावकाश म्हणाल्या, "म्हशी गेल्या, पर घमेलं काय रिकामं राहिलं न्हाई."

आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. मला वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती. ती मी हातात इतकी घट्ट धरली होती की तिची कडा तळव्यावर उमटली. घरी परत येताना आत्या मला म्हणाल्या, "तोंड पाडू नगं. खरं त्येच बोलले." त्या संध्याकाळी मी नवऱ्याचं, मामांचं आणि मुलीचं ताट संपवलं.

उपाय केले नाहीत असं नाही. कारखान्यातल्या मुलींबरोबर मी जिऱ्याचं पाणी प्यायले, भिजवलेल्या बिया खाल्ल्या, महिनाभर भात सोडला. माझ्या ताटात काकडी आणि गाजर असायचं. ते संपलं की बाकीची ताटं आणि पातेलं होतंच, कारण ते माझं जेवण आहे असं मी धरतच नव्हते. ते काम होतं, भांडी घासण्यासारखं. आत्या बघत असायच्या. "शेळीवानी पाला खाती, आन मंग म्हशीवानी आंबोन," असं म्हणून त्या मुलीला हसवायच्या. मुलगी हसायची. तिला तेव्हा सहावं लागलं होतं.

त्या वर्षी कारखान्यातल्या तपासणीत माझी साखर सीमेवर आली. माझ्या वडिलांना साखरेनंच आंधळं केलं. शेवटची चार वर्षं ते भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचे आणि भिंत जिथं संपायची तिथं उभे राहून हाका मारायचे. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळा पट्टा पडला होता, हाताच्या मळाचा. तपासणीचा कागद हातात आला तेव्हा मला तो पट्टा दिसला. आणि हाक मारल्यावर धावत येणारी माझी मुलगी दिसली.

पिरंगुटच्या बाजारात एक डॉक्टरीण बसते. वयानं माझ्याएवढीच, तोंडानं फटकळ. तिनं मला आठ दिवस जे तोंडात जाईल ते लिहून आणायला सांगितलं. मी शाळेत लिहायचे तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं, कुणाच्या ताटातलं काय तेही लिहिलं. तिनं वही वाचली, परत पहिल्या पानावर गेली.

"तुमचं स्वतःचं जेवण तर माझ्यापेक्षा कमी आहे."

"हो मॅडम."

"मग हे बाकीचं कशासाठी खाता? भूक लागते म्हणून?"

"नाही. उरतं म्हणून."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "डाएट बिएट काही करू नका. भात खा, भाकरी खा. सगळ्यांबरोबर बसा, स्वतःचं एक ताट वाढून घ्या, ते संपलं की उठा. दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही. आणि रोज चाला. एवढंच. जमेल?"

मी हो म्हणाले. फाट्यावर कंपनीची बस येते. आमच्या घरापासून फाटा दोन किलोमीटर आहे. तिथपर्यंत नवरा मला गाडीवरून सोडायचा. चालणं काहीच कठीण नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. कठीण होतं ते पहिलं, दुसऱ्यांच्या ताटांना हात न लावणं.

रविवारी दुपारी मी माझं ताट वाढून पुरुषांच्या ओळीत बसले. नवऱ्यानं एकदा बघितलं आणि परत ताटात मान घातली. मामांनी बघितलंच नाही. माझं जेवण झालं, मी उठले, हात धुतले. मागे नवऱ्याची अर्धी भाकरी, मामांची मूठ, मुलीचा वरणभात आणि निम्मं पातेलं भात तसाच होता.

"हे कोन खानार?" आत्यांनी विचारलं.

"माझं झालं आत्या."

"तुजं झालं ते दिसतंय. हे कोन खानार?"

"मला डॉक्टरांनी सांगितलंय. साखर आलीय."

"आमी न्हाई का खाल्लं जलमभर? आमाला न्हाई आली साखर ती."

मी भात उचलला आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा अन्न टाकलं गेलं. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिनं माझा हात धरला असता. आत्यांनी माझा हात धरला नाही. त्या डब्यापाशी बसल्या, भेंडीची देठं आणि चहाची पावडर बाजूला सारून त्यांनी भात ओंजळीनं बाहेर काढला, चाळणीत घातला, नळाखाली धुतला, आणि ताटात घेऊन सगळ्यांच्या समोर मीठ लावून खाल्ला. एकेक घास, सावकाश. त्यांना भूक नव्हती. त्या माझ्याकडे बघत खात होत्या.

नवरा म्हणाला, "आई, तू कशाला खातीस ते?" पण उठला नाही. मामा हात धुऊन ओट्यावर गेले.

मी तिथं उभी होते. त्यांना वाटत होतं मी पुढे होईन, रडेन, ताट ओढून घेईन आणि उरलेलं संपवीन. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मला ती वाटी आठवली, वाणाची. मी मुलीला घेऊन बाहेर गेले.

त्या दिवसापासून उरलेलं सगळं आत्या खायला लागल्या.

पहिले काही दिवस हट्टानं. मग हट्ट गेला आणि सवय राहिली. दुपारी मी कामावर असताना सकाळचं, संध्याकाळी सगळ्यांची ताटं. मी माझं एक ताट जेवायची, उठायची. सकाळी फाट्यापर्यंत चालायची, संध्याकाळी परत. पहिल्या तीन महिन्यांत चार किलो गेले, मग दर महिन्याला किलो, कधी अर्धा. कधी काहीच नाही, पण वाढलं नाही. मला भूक लागायला लागली. सात वर्षांत मला खरी भूक लागलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. चालून आल्यावर गरम भाकरी आणि वरण्याच्या दाण्यांची आमटी समोर आली की तोंडाला पाणी सुटायचं. एवढं साधं सुख मला माहीत नव्हतं.

आणि आत्या भरत चालल्या.

पिरंगुटला एक शिंपी आहे. एकदा मी माझे तीन पंजाबी ड्रेस आत घ्यायला नेले. निघताना आत्यांनी त्यांची पोलकी दिली, दंडात रुतायला लागली होती म्हणून. शिंप्यानं दोन्ही एकाच पिशवीतून काढली, शिवणी बघितल्या आणि म्हणाला, "एकीचं उसवायचं, एकीचं टाचायचं. घरातल्या घरातच हाय म्हना." मी हसले. बसमध्ये बसल्यावरही मला हसू येत होतं.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. मी बी.एस्सी. झालेली बाई आहे. पाच माणसांना किती तांदूळ लागतो याचा हिशेब मला येत होता. तो पितळी शेर मी एका दिवसात माळ्यावर टाकू शकले असते. नवऱ्याशी बोलू शकले असते, त्यानं आईला सांगितलं असतं. डॉक्टरणीनं मला एकदा विचारलंही होतं, "मग ते उरलेलं आता कोण खातं?" मी म्हटलं, "सासूबाई." ती म्हणाली, "त्यांनाही घेऊन या एकदा." मी हो म्हणाले आणि नेलं नाही. घरी आले तेव्हा आत्या पातेलं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या समोरून माझं पाणी घेऊन गेले.

पुढची संक्रांत आमच्या घरी होती. त्याच बायका, तशीच सतरंजी. मी एकोणसत्तरवर आले होते. साडी बसत होती, मी वाकून वाकून सगळ्यांना वाण देत होते. आत्या पाटावर बसून हळद लावत होत्या. त्यांना आता खाली बसवत नव्हतं. शेजारची एक बाई म्हणाली, "आत्याबाई, अंग धरलं की वो तुमी. सुनंनं लई खाऊ घातलं म्हनायचं."

हे वाक्य येईल याची मी वर्षभर वाट बघत होते.

"म्हशी गेल्या हो," मी म्हणाले, "पण घमेलं काय रिकामं राहिलं नाही."

बायका हसल्या. गेल्या वर्षीपेक्षा जोरात हसल्या, कारण गेल्या वर्षीचं त्यांना आठवत होतं. आत्यांचं बोट हळदीच्या कोयरीत होतं. ते तिथंच थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग ते बोट बाहेर काढून त्यांनी पुढच्या बाईच्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाल्या, "व्हय. आसंच आसतंय त्ये." त्या संध्याकाळी नेहमीसारखंच त्यांनी सगळ्यांची ताटं संपवली. मी बघत होते. मला शांत झोप लागली.

उन्हाळ्यात त्या लंगडायला लागल्या. पायाला सूज होती. त्यांची जोडवी चांदीची, जाड, चाळीस वर्षांपूर्वीची. काडीसारख्या पायात ती सैल फिरायची, आता बोटात रुतून बसली होती. नवरा जिवंत असताना जोडवी काढत नाहीत म्हणून त्यांनी काढली नाहीत, आणि नंतर निघाली नसती. त्यांनी उजव्या बोटाला हळद लावून फडकं बांधलं. फडक्यावर पिवळा डाग होता, मग तपकिरी. मी ते धुणं धुताना बघितलं. वासही आला. मला वाटलं, सांगतील दुखलं तर. एवढं बोलणारी बाई, दुखलं तर सांगणार नाही का? अकरा दिवस मी ते फडकं धुतलं.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, आजीच्या पायाला उंदीर मेल्याचा वास येतो."

पुण्याच्या दवाखान्यात आधी जोडवं कापलं. कापायला सोनाराची कानस मागवावी लागली. त्याखालचं बोट काळं होतं. साखर इतकी होती की डॉक्टरांनी दोनदा तपासली. ते म्हणाले, साखर बऱ्याच वर्षांची असणार, आजची नाही. नवऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बघ, आपल्यामुळे नाही. मी पण मान हलवली. दोन बोटं काढली. वडिलांच्या वेळेला मी लहान होते, मला काही करता येण्यासारखं नव्हतं. या वेळेला मी सगळं शिकलेली होते.

दवाखान्यातून परत आणल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी पितळी शेर उचलला आणि माळ्यावर ठेवला. वाण म्हणून मिळालेल्या त्या स्टीलच्या वाटीनं तांदूळ मोजले. भाकऱ्या मोजून. पातेल्याचा तळ दिसायला लागला, उरेनासं झालं. मी नवऱ्याला सांगितलं, लागेल तेवढंच घे, उठताना ताट रिकामं पाहिजे. त्याला आठ दिवस लागले. मामा मात्र आपली मूठ ठेवायचेच. मी त्यांच्या समोर ती मूठ उचलून डब्यात टाकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठेवली नाही. चाळीस वर्षांची ती मूठ तीन दिवसांत बंद झाली. त्यांनी त्या दिवशी एकदा आत्यांकडे बघितलं, मग हात धुवायला गेले.

आणि मी आत्यांना सगळ्यांबरोबर ताट वाढलं. भाकरी, भाजी, वाटीभर भात, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

त्यांना त्या ताटाशी जेवता येईना. त्या बसल्या आणि बाकीचे कधी उठतात त्याची वाट बघत राहिल्या. सगळे उठल्यावर सवयीनं त्यांनी ताटांकडे बघितलं. ताटं रिकामी होती.

"उरलं न्हाई काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काईच न्हाई?"

"तुमचं ताट आहे की समोर. जेवा."

त्या मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "हे आख्खं माजंच?" पासष्ट वर्षांच्या बाईला स्वतःपुढे वाढलेलं ताट कसं संपवायचं ते माहीत नव्हतं. नंतर शिकल्या. त्यांचं वजन आता कमी होतंय, साखर आटोक्यात आहे. डॉक्टरीण मला म्हणते, तुम्ही घरच सुधारलंत. नवराही मित्रांत सांगतो की बायकोनं औषधाविना वजन उतरवलं. ते ओट्यावर बसणारे मित्र आता मला वहिनी म्हणतात आणि त्यांच्या बायकांना माझ्याकडे सल्ल्याला पाठवतात. मी सांगते: आपलं एक ताट, आणि चालणं. खरंच तेवढंच आहे. बाकीचं मी सांगत नाही.

फक्त आत्यांनी एक नवीन काढलंय. त्या जेवण संपवताना ताटाच्या कडेला भाताची एक मूठ ठेवतात. पहिल्यांदा ठेवली तेव्हा मी विचारलं, "भूक नाही का?"

"हाय की."

"मग ही मूठ?"

"तुला ठेवलीया."

"माझं जेवण झालं आत्या."

"व्हय. पर ठिवायची आसती."

मी ती उचलून डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी परत होती. मामांनी तीन दिवसांत सोडलं, आत्या सोडत नाहीत. त्या ठेवतात, मी टाकते, त्या बघतात. आता त्या डब्यातून काढत नाहीत, वाकता येत नाही म्हणून.

गेल्या रविवारी मी नळाशी होते. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिचं ताट रिकामं करून ती उठली, आणि जाता जाता आजीच्या ताटापाशी वाकली. आजी तिला म्हणाली नव्हती. तिनं आपल्या मनानंच त्या मुठीला हात घातला, मदत म्हणून, आईचं काम वाचावं म्हणून. ती ते टाकणार होती की खाणार, हे बघायला न थांबता मी धावत गेले आणि तिच्या हातावर मारलं. जोरात मारलं. भात सतरंजीवर पडला. ती रडली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. बोटं उमटली होती.

"पोरीला कशापायी मारतीस," आत्या म्हणाल्या. "तिला न्हाई ठेवली, तुला ठेवली व्हती."

त्यांनी बसल्या जागेवरूनच हात पुरवून सतरंजीवरची शितं एकेक करून वेचली, मातीतून कणीस वेचतात तशी, पदराला पुसली आणि तोंडात टाकली. मी बघत होते. या वेळेला मी त्यांना थांबवायला हवं होतं, काय किती खायचं तो दवाखान्याचा कागद फ्रिजवर लावलेला आहे. पण मी मुलीचा हात धरून ठेवला होता. तो मला सोडवेना.